वाट आणि विसावा : बनशंकरीच्या उद्यानांना जोडणाऱ्या पायवाटा

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा लेखी पाठ)



हीरकमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानासाठी निवडलेला हा विषय काहींना अनपेक्षित वाटेल. शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीशी त्याचा थेट संबंध दिसत नाही. परंतु शाळा सुटल्यावर मूल कोठे जाते, कोणत्या वाटेने जाते आणि त्या वाटेने ते एकटे जाऊ शकते की नाही, हे प्रश्न शिक्षणाबाहेरचे मानता येत नाहीत. नोकरीव्यवसायानिमित्त बंगळूरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर हे प्रश्न रोजच भेटतात. विषय आहे बंगळूरच्या बनशंकरी या उपनगरातील उद्यानांचा, आणि उद्यानांपेक्षाही त्यांच्या मधल्या वाटांचा.

बनशंकरी हे नाव मराठी कानाला परके नाही. बदामीजवळच्या चोळचगुड्ड येथील बनशंकरी, म्हणजेच शाकंभरी, ही महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची कुलदेवता आहे. पौषातील शाकंभरी नवरात्र अनेक घरांत आजही पाळले जाते आणि पौर्णिमेच्या सुमारास बदामीच्या यात्रेला महाराष्ट्रातूनही भाविक जातात. देवीचे नावच वनाशी जोडलेले. देवळासमोर हरिद्रातीर्थ नावाचे विस्तीर्ण तळे आहे आणि त्याच्या कडेने दगडी ओवऱ्या आहेत. झाडी, पाणी आणि पाण्याच्या कडेने सावलीतून चालण्याची सोय या तीन गोष्टी जुन्या लोकांनी तेथे एकत्र ठेवल्या.

याच देवीचे मंदिर बंगळूरला कनकपुरा रस्त्यावर १९१५ साली स्थापन झाले आणि पुढे त्याच्या नावाने मोठे उपनगर वसले. मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात लिंबाच्या वाटीत दिवा लावण्यासाठी स्त्रियांची तेथे रीघ लागते. जून २०१७ पासून रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते. स्थानकालाही देवीचेच नाव आहे. जवळच मोठे बसस्थानक आहे. इतक्या वाहनांच्या या गर्दीत एक साधी गोष्ट विसरली जाते. बसमधून, मेट्रोतून वा मोटारीतून आलेला प्रत्येक माणूस देवळात शेवटी पायीच शिरतो. बागेचेही तसेच आहे.

उदाहरणादाखल एक घर कल्पावे. सांगलीकडची एक आजी बनशंकरीच्या दुसऱ्या टप्प्यात मुलाकडे राहायला आली आहे. सोबत आठ वर्षांचा नातू. नकाशात पाहिले तर घरापासून बाग अवघी चारशे मीटरवर. दोघे संध्याकाळी निघतात. पदपथावर पहिल्याच घराचा मोटार चढवण्याचा उतार आडवा येतो. तो ओलांडावा तो पुढे स्कूटर उभी. मग विजेचा ट्रान्सफॉर्मर. मग पर्जन्यवृक्षाच्या मुळांनी उचललेल्या फरश्या. त्यापुढे एक फरशी जागेवरच नाही आणि खाली मोरी उघडी. आजी पदपथ सोडून रस्त्यावर उतरते, नातवाचा हात घट्ट धरते. मुख्य रस्ता आला की दोघे थांबतात. वाहनांना खंड नाही. दहा मिनिटांनी ती पलीकडे पोहोचतात, तर समोर बागेचे कुंपण आहे आणि फाटक मात्र विरुद्ध बाजूला.

आठवड्यानंतर मुलगा कामावरून लवकर येऊन दोघांना मोटारीने बागेत सोडू लागतो. चालण्यासाठी मोटारीने जावे लागते. त्यालाही जेव्हा वेळ होत नाही तेव्हा आजी इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या मारते आणि नातू पडद्यासमोर बसतो. कोणाचाही अपघात झालेला नाही, कोणी तक्रार केलेली नाही, कोणत्याही दप्तरात नोंद नाही. तरीही एका आजीची संध्याकाळ आणि एका मुलाचे स्वातंत्र्य या चारशे मीटरांत हरवले. या व्याख्यानाचा सारा विषय त्या चारशे मीटरांचा आहे.

वारीची परंपरा सांभाळणाऱ्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आळंदी वा देहूहून पंढरपूरकडे निघालेल्या पालखीच्या मार्गावर ठरलेले विसावे असतात, ठरलेले मुक्काम असतात. वाट आणि विसावा एकमेकांसाठी असतात. विसाव्याला अर्थ येतो तो वाटेमुळे. गावच्या वाटेवर पाणपोई असे, वडापिंपळाला पार बांधलेला असे. कर्नाटकात यालाच अश्वत्थकट्टे म्हणतात आणि बंगळूरच्या जुन्या भागांत असे कट्टे आजही दिसतात. आधुनिक शहराने विसावे बांधले, त्यांना कुंपणे घातली, दिवे लावले, व्यायामाची साधनेही बसवली. मधली वाट तेवढी राहून गेली.

ती का राहिली, हे पाहण्यासाठी थोड्या इतिहासाकडे वळले पाहिजे. बंगळूरच्या आखीव विस्ताराचे काम १९४५ पासून नगर सुधारणा विश्वस्त मंडळाकडे होते. १९७६ च्या कायद्याने त्याची जागा बंगळूर विकास प्राधिकरणाने घेतली. बनशंकरी हे एका दमात वसलेले उपनगर नाही. ते टप्प्याटप्प्याने वाढले आणि आजही तेथील पत्ते ‘दुसरा टप्पा’, ‘तिसरा टप्पा’ असेच सांगितले जातात. प्राधिकरणाच्या कायद्यात नव्या वसाहतीतील किमान १५ टक्के जागा उद्याने व क्रीडांगणांसाठी आणि आणखी १० टक्के नागरी सुविधांसाठी राखण्याची तरतूद आहे. ही तरतूद दूरदर्शी होती, यात शंका नाही. तिच्यामुळेच बनशंकरीत चालता चालता अचानक एखादी हिरवी चौकट भेटते.

पण प्रत्येक वसाहतीचा आराखडा स्वतंत्र काढला गेला. उद्यान त्या त्या वसाहतीच्या आत बसवले गेले आणि शेजारच्या वसाहतीतील उद्यानाशी त्याचे नाते काय, हा प्रश्न आराखड्याच्या कागदावर येण्याचे कारणच नव्हते. दोन आखीव वसाहतींच्या मध्ये कत्रिगुप्पे, कदिरेनहळ्ळी, होसकेरेहळ्ळी, चिक्कलसंद्र यांसारखी जुनी गावे होती; त्यांच्या अरुंद गल्ल्या तशाच राहिल्या आणि ‘मेन’ व ‘क्रॉस’ यांची सरळ जाळी त्यांच्या कडेशी येऊन थांबली. पुढे या साऱ्या प्रदेशातून बाह्य वर्तुळ मार्ग गेला. शहराच्या एका टोकाचे वाहन दुसऱ्या टोकाला लवकर पोहोचावे म्हणून तो बांधला गेला आणि तो हेतू बऱ्याच अंशी साधलाही. मात्र रस्त्याच्या अलीकडचे मूल पलीकडच्या बागेला मुकले. प्रत्येक काम आपापल्या जागी योग्य असूनही सर्वांची बेरीज चुकू शकते, याचे हे उदाहरण होय.

कायद्याने उद्यानाला संरक्षण दिले, तेही उद्यानाला एकटे धरूनच. १९८५ साली कर्नाटकात उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांच्या जतनाचा कायदा झाला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा’ या खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला. बंगळूरच्याच एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले आणि ती जागा उद्यानासाठीच राहिली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. रुग्णालय ही चांगलीच गोष्ट; पण मुलांच्या खेळण्याची आणि वृद्धांच्या विसाव्याची जागा तिच्यासाठीही घेता येत नाही, हा त्या निर्णयाचा आशय. बंगळूरची कितीतरी उद्याने आज शाबूत आहेत, त्यात अशा रहिवाशांचा वाटा आहे.

उद्यानापर्यंत पोहोचण्याच्या वाटेला तसे स्पष्ट संरक्षण मिळायला आणखी ३४ वर्षे जावी लागली. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा पादचाऱ्याचा हक्क असून तो संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सांगितले. पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत आणि त्यांवरील अतिक्रमणे दूर झाली पाहिजेत, हेही त्यात स्पष्ट केले. बाग वाचवणारा १९९१ चा निर्णय आणि वाट देणारा २०२५ चा निर्णय एकत्र वाचले तर त्या आजीच्या चारशे मीटरांचा दावा पूर्ण होतो.

उद्याने परस्परांशी जोडण्याची कल्पना परदेशातून उसनी आणलेली आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वास्तविक तिचे मूळ बनशंकरीच्याच भूगोलात आहे. बंगळूरला मोठी नदी नाही. उंच पठारावरच्या या प्रदेशात जुन्या लोकांनी उतार पाहून बांध घातले आणि तलाव, म्हणजे केरे, निर्माण केले. एक तलाव भरला की त्याचे जादा पाणी कालव्यातून खालच्या तलावात जाई, तेथून आणखी खालच्या. या मोठ्या कालव्यांना राजकालुवे म्हणतात. होसकेरेहळ्ळी या नावात ‘होस केरे’, म्हणजे नवा तलाव, आहे. बनशंकरीच्या तिसऱ्या टप्प्यातील एका भागाचे नाव चेन्नम्मनकेरे अच्चुकट्टु असे आहे. अच्चुकट्टु म्हणजे तलावाच्या पाण्याखाली भिजणारे शेत. चेन्नम्माच्या तलावावर भिजणारी ती जमीन आज घरांनी भरलेली असली तरी नावाने आपली ओळख सोडलेली नाही.

तेव्हा या भूमीवरचे तलाव कधी सुटे नव्हतेच. पाणी एका तलावातून निघून दुसऱ्याकडे जात असे. पाण्याची ही वाट जेथे तुटली, बुजली वा बांधकामाखाली गेली, तेथे काय होते हे सप्टेंबर २०२२ च्या पुरात बंगळूरच्या पूर्व भागाने अनुभवले. पाण्याची वाट तुटली तर पूर येतो आणि त्याची बातमी होते. माणसाची वाट तुटली तर माणसे घरात बसतात. त्याची बातमी होत नाही.

राजकालुव्यांच्या कडेची जमीन हीच पायवाटेची नैसर्गिक जागा आहे. २०१५ सालापर्यंतच्या सुधारित विकास आराखड्याने कालव्यांच्या प्रकारानुसार त्यांच्या मध्यापासून ५०, २५ आणि १५ मीटरपर्यंत बांधकामाला प्रतिबंध केला. या पट्ट्याचा काही भाग जरी मोकळा मिळाला तरी तेथे झाडे लावता येतील आणि चालताही येईल. अशा पट्ट्यात वाहनांचे चौक कमी, उतार सौम्य आणि रस्ता एका तलावाकडून दुसऱ्याकडे आपोआप नेणारा असतो. अट एवढीच की कालव्यातून सांडपाणी वाहता कामा नये. ज्या पाण्याशेजारून नाक धरून जावे लागते तेथे कोणी फिरायला जाणार नाही. म्हणजे पायवाटेचे काम आणि मलनिस्सारणाचे काम ही दोन खात्यांची कामे वाटली तरी प्रत्यक्षात ती एकच आहेत.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे, हे दाखवणारी उदाहरणे आहेत. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराने १८७८ च्या सुमारास एका दलदलीच्या, दुर्गंधीयुक्त भागाची सुधारणा हाती घेतली. पुराचे पाणी सामावणे आणि घाण दूर करणे हा कामाचा मूळ हेतू. त्यातून पुढे उद्यानांची सुमारे ११ किलोमीटरांची साखळी उभी राहिली आणि लोकांनी तिला ‘पाचूचा हार’ म्हटले. सिंगापूरने १९९० च्या दशकापासून उद्याने जोडणाऱ्या मार्गांचे जाळे विणले. जमिनीची तेथे बंगळूरहूनही अधिक टंचाई. म्हणून त्यांनी नवी जमीन शोधत न बसता नाल्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेच्या राखीव पट्ट्यांचा उपयोग केला. आज ते जाळे ३०० किलोमीटरांहून मोठे आहे.

महाराष्ट्रातही असा प्रयत्न झाला आहे. मुंबईत जुहू परिसरातील रहिवाशांनी वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्यासह इर्ला नाल्याच्या काठाने चालण्याचे मार्ग करून परिसरातील बागा आणि शिक्षणसंस्था जोडण्याची योजना आखली. ज्या नाल्याकडे घरांनी पाठ फिरवली होती त्याच्याकडे पुन्हा तोंड करण्याचा हा प्रयत्न. खुद्द बंगळूरमध्ये मॅजेस्टिक परिसरातून बेल्लंदूर तलावाच्या दिशेने जाणाऱ्या राजकालुव्यावर ‘के-१००’ या नावाने जलमार्ग आणि पायवाट यांचे काम हाती घेण्यात आले. बनशंकरीला म्हणूनच कोणाचा आराखडा जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही. शहराने एका ठिकाणी सुरू केलेले काम आपल्या भागात मागण्याची गरज आहे.

तथापि कालव्याकाठची वाट व्हायला वर्षे लागतील. तोवर जुन्या रस्त्यांवरच पुष्कळ करता येते. भारतीय रस्ते महासभेने २०१२ साली पादचारी सुविधांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी आणि पदपथाची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नको, असे सांगितले आहे. १.८ मीटरमागचा हिशेब सरळ आहे : चाकाच्या खुर्च्यांवरील दोन व्यक्ती समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओलांडून जाऊ शकल्या पाहिजेत. बंगळूरचा पदपथ बहुतेक ठिकाणी मोरीवरच्या फरश्यांचा बनलेला असतो. मोरी साफ करायला फरशी उचलली जाते आणि काम संपल्यावर ती पूर्वीसारखी बसत नाही. पदपथ मोरीचे झाकण म्हणून बांधला गेला, तर तो झाकणासारखाच वागवला जाणार. म्हणून मोरीची देखभाल आणि फरशीची देखभाल एकाच माणसाच्या जबाबदारीत हवी.

रस्ता ओलांडण्याचेही साधे गणित आहे. तीस मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या वेगाने चालणारा धडधाकट माणूस २५ सेकंदांत ओलांडतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला ३७ ते ३८ सेकंद लागतात. सिग्नल तरुण माणसाच्या चालीवर बेतला तर शेवटचे दहा मीटर आजी रस्त्यातच असते. रस्त्याच्या मध्यावर थांबण्यापुरता सुरक्षित कट्टा दिला तर तीच आजी दोन वेळा पंधरा-पंधरा मीटर निर्धास्त ओलांडते. उड्डाणपुलासारखा जिना बांधून हा प्रश्न सुटत नाही; ज्यांच्यासाठी तो बांधायचा त्यांचेच गुडघे तो चढू देत नाहीत.

तिसरी बाब फाटकाची. शंभर मीटर लांब आणि साठ मीटर रुंद बागेला एकच फाटक असेल तर बरोबर विरुद्ध बाजूच्या माणसाला कुंपणाला वळसा घालून १६० मीटर जास्त चालावे लागते. मागच्या बाजूला दुसरे फाटक दिले की हे अंतर शून्यावर येते आणि बाग स्वतःच एका क्रॉसपासून दुसऱ्या क्रॉसपर्यंत नेणारी सावलीची वाट बनते. उद्याने जोडण्याच्या कामातील हे सर्वांत स्वस्त काम असावे. फाटकाइतकीच महत्त्वाची त्याची वेळ. बंगळूरमध्ये महापालिकेची बाराशेहून अधिक उद्याने आहेत आणि वर्षानुवर्षे ती दुपारी कुलूपबंद असत. जून २०२४ मध्ये ती पहाटे पाच ते रात्री दहा उघडी ठेवण्याचा निर्णय झाला. कुलूप उघडल्याने नवी बाग न बांधताही शहरातील बागांचा वेळ वाढला.

या साऱ्याला आक्षेप आहेत आणि ते सगळेच क्षुल्लक नाहीत. मागच्या बाजूला फाटक उघडले तर आपल्या शांत गल्लीतून परक्यांची ये-जा वाढेल, चोऱ्या होतील, अशी भीती रहिवाशांना वाटते. तिच्यावर हसू नये. परंतु निर्जन गल्लीपेक्षा फिरणाऱ्या आजीआजोबांची आणि खेळून परतणाऱ्या मुलांची गल्ली अधिक सुरक्षित असते, हा जुन्या वाड्यांचा आणि पेठांचा अनुभव आहे. दुकानदारांना वाहने उभी करण्याची जागा जाण्याची चिंता असते. ती चिंता खरी आहे. पण पदपथावर मोटार उभी राहते तेव्हा दुकानासमोरून जाणाऱ्या पायी ग्राहकाचीही वाट अडते, हे त्यांच्यापुढे मांडता येते. चर्च स्ट्रीटवर नोव्हेंबर २०२० पासून काही महिने शनिवार-रविवारी वाहने बंद ठेवण्याचा प्रयोग झाला होता. बनशंकरीतही एखाद्या रस्त्यावर असे काही रविवार आधी करून पाहता येतील. अनुभवाने पटलेली गोष्ट आदेशाने पटवावी लागत नाही.

पदपथावरच्या फेरीवाल्याला हटवले की वाट मोकळी होते, हे अर्धसत्य आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेलाही संरक्षण दिले आहे. संध्याकाळी फुले, शेंगा, नारळपाणी विकणारी माणसे वाटेवर असली की अंधार पडल्यावर एकट्या स्त्रीला तेथून जाताना धीर येतो. तेव्हा १.८ मीटर चालण्यासाठी सोडून त्यापलीकडे त्यांची जागा आखून देणे, हा न्याय्य मार्ग.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगली पाहिजे. प्रत्येक हिरवी जागा उद्यान नसते. बनशंकरीच्या सहाव्या टप्प्यालगत तुरहळ्ळीचे जंगल आहे. २०२१ च्या आरंभी तेथे वृक्षउद्यान करण्याचा विचार पुढे आला तेव्हा नागरिकांनी विरोध केला. जंगलाला बाके, कमानी आणि फरसबंद रस्ते नकोत, ते जंगलच राहू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते रास्त होते. जोडणीची वाट जंगलाच्या कडेपर्यंत न्यावी आणि तेथे थांबावी. वनदेवीच्या नावाने वसलेल्या उपनगराने एवढे भान ठेवलेच पाहिजे.

आता प्रश्न उरतो तो प्रारंभ कोणी करायचा, हा. सप्टेंबर २०२५ पासून बंगळूरच्या एकाच महापालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या आहेत. कारभार विभागला गेला की तो नागरिकाच्या जवळ येतो, ही अपेक्षा. पण कारभारापुढे जाताना हातात काय घेऊन जायचे? ‘पदपथ खराब आहेत’ हे वाक्य प्रत्येक कार्यालयाने हजार वेळा ऐकलेले असते. ‘या क्रॉसपासून त्या उद्यानापर्यंत चारशे मीटरांत सहा अडथळे आहेत, त्यांतील चार फरश्यांचे, एक ट्रान्सफॉर्मरचा आणि एक फाटकाचा’ हे वाक्य वेगळे. त्यावर कोणाला तरी काम सोपवता येते, आणि महिन्याने ते झाले का, हे विचारताही येते.

अशी यादी करायला अभियंता लागत नाही. मराठी शाळांतील मुलांना प्राथमिक इयत्तांत परिसर अभ्यास हा विषय असतो. घर ते बाग हा नकाशा काढणे, पावलांनी अंतर मोजणे, अडथळ्यांची खूण करणे, सावलीची झाडे मोजणे हा त्या विषयाचा उत्तम पाठ आहे. वहीत एक ओळ अशी असावी : ‘येथून मी एकटा जाऊ शकतो का?’ शेजारी दुसरी : ‘येथून आजी एकटी जाऊ शकते का?’ दोन्ही ओळींसमोर ‘हो’ लिहिता येईल ती वाट सर्वांसाठी चांगली. यात भूगोल आहे, गणित आहे, नागरिकशास्त्र आहे. बंगळूरला राहणारे माजी विद्यार्थी आपल्या मुलांसह एका रविवारी सकाळी हे करू शकतात. शेजारच्या कन्नड, तमिळ, तेलुगू कुटुंबांना सोबत घेतले तर अधिकच उत्तम. पदपथाला मातृभाषा नसते, आणि परगावी आलेल्या कुटुंबाला गावाचे होण्याचा याहून चांगला मार्ग क्वचितच सापडेल.

प्रारंभ लहान असावा. येडियूर तलाव बनशंकरीच्या उत्तर सीमेवर आहे. त्याच्या काठाने चालण्याची वाट आहे आणि गणेशविसर्जनासाठी तेथे कल्याणी आहे. गणपती पोहोचवायला मंडळी वाजतगाजत जातात तेव्हा रस्ता त्यांच्यासाठी थांबतो, वाहने वळवली जातात, म्हातारी माणसे आणि मुले मधोमध चालतात. वर्षातून एकदा जे देवासाठी होते, त्याचा थोडा अंश रोज संध्याकाळी माणसासाठी व्हावा, एवढीच मागणी आहे. तलावापासून जवळच्या एका उद्यानापर्यंतची एक वाट आधी नीट करावी, मग त्या उद्यानापासून पुढची.

शाळेने साठ वर्षे मुलांना पायावर उभे राहायला शिकवले, असे या सोहळ्यात अनेकांनी म्हटले आणि ते खरे आहे. पायावर उभ्या राहिलेल्या मुलाला चालायला वाट लागते. ती घरापासून सुरू होऊन बागेशी पोहोचावी, बागेतून तलावाशी, तलावातून मैत्रिणीच्या घरापाशी. आणि दिवेलागणीला ते मूल त्याच वाटेने एकटे, निर्धास्त घरी परतावे. त्या वेळी फाटकाशी वाट पाहत उभ्या असलेल्या आजीने त्याला ‘इतका उशीर का?’ म्हणून रागे भरावे. ‘रस्ता कसा ओलांडलास?’ असे विचारण्याची वेळ तिच्यावर येऊ नये.